आत्याच्या नावाचं बेट

केझाया बेट, प्रशांत महासागर
१२ मार्च १८५७

प्रिय आत्या,

वरचा पत्ता पुन्हा एकदा वाच. माझा हात चुकलेला नाही. या जगात आता तुझ्या नावाचं एक बेट आहे, आणि ते नाव तुझ्या या नालायक भाच्याने ठेवलं आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी वॉशिंग्टनला एक कायदा झाला. आपल्या देशाच्या कुणालाही समुद्रात एखादं बेट सापडलं, तिथे कुणी राहत नसलं, दुसऱ्या कुठल्या राजाचा त्यावर हक्क नसला आणि त्यावर पाखरांच्या विष्ठेचं खत साचलेलं असलं, तर त्याने तिथे झेंडा रोवावा आणि सरकारला कळवावं. बेट देशाचं झालं! खत नसेल तर मात्र नाही. नुसत्या बेटाचं सरकारला काही कौतुक नाही.

आमच्या कंपनीचा कप्तान मला म्हणाला, "गुडरिच, झेंडा तू लाव. आणि जेवायच्या आत नाव सांग, मला कागद भरायचा आहे." बाकीचे लोक मुलींची नावं देतात, कंपनीच्या मालकाचं देतात. मला काही सुचेना. समोर पाहिलं तर चारही बाजूंनी खडकांचं कडं, होडी लावायला कुठे जागा नाही, आणि मध्ये कुणाची पर्वा न करता स्वस्थ बसलेलं बेट. तोंडातून निघून गेलं, "केझाया."

रागावू नकोस. मी इथला गव्हर्नर आहे, लष्कर आहे आणि टपालखातंही मीच आहे. प्रजा म्हणजे होनोलुलूहून आलेला कमाका नावाचा मुकादम आणि त्याची माणसं. काम तेच करतात, मी झेंड्याकडे लक्ष ठेवतो. रविवारी कमाका फावड्याला हात लावू देत नाही. मी एकदा म्हटलं, इथे कोण बघतंय? तो म्हणाला, "ज्याने बघायचं तो बघतोय." अगदी तुझाच आवाज वाटला.

इथे झाड नाही, पाणी नाही, वासाबद्दल तर बोलायलाच नको. पण आत्या, या खतावर पेरू देशातले लोक गबर झाले. एका फावड्यात आपल्या गावच्या गाडाभर शेणाचं बळ आहे म्हणतात. तुझ्या कांद्यांचं काय? कळव.

तुझा,
आसाहेल


वेदर्सफील्ड, कनेक्टिकट
२० जुलै १८५७

आसा,

गाढवा! साठ वर्षं जपलेलं माझं नाव, ते तू पाखरांच्या घाणीच्या ढिगाला दिलंस? लोक सोन्याच्या खाणीला नावं देतात, बोटींना देतात. तुला माझ्यासाठी हेच सापडलं?

आणि दुसऱ्यांच्या समुद्रात जाऊन झेंडे रोवायचे कुणी सांगितले होते? तुझ्या आजोबांनी दर बावीस फेब्रुवारीला, पहिल्या अध्यक्षांच्या वाढदिवशी, आम्हा भावंडांना टेबलाभोवती बसवून त्यांचं निरोपाचं भाषण वाचून दाखवलं. सगळं पालुपद एकच होतं: व्यापार सगळ्यांशी, सोयरीक कुणाशी नाही. आपला देश आपल्या कुंपणात, आणि कुंपण मजबूत. त्या भाषणाने मला एवढं शहाणपण आलं, की शेजारच्या, चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हर्लबटची कोंबडी माझ्या वाफ्यात आली तर मी तिला हाकलते, पण तिच्यामागे त्याच्या अंगणात जात नाही. आमच्या डोळ्यांदेखत हे सगळं बदललं. आधी मेक्सिकोशी लढून अर्धा मुलूख घेतला. त्यातच कॅलिफोर्निया. मग जपानच्या दारात तोफा घेऊन उभे राहिले, का तर म्हणे दार उघडा. आणि आता विष्ठा! पुढे काय घेणार, समुद्राचा फेस?

कांद्यांचं विचारलंस. सांगण्यासारखं काही नाही. सलग तिसरं वर्ष सुपारीएवढे कांदे निघाले आहेत. बायका उपटायला आल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. जमीन थकली आहे, आसा, माझ्यासारखीच. यंदा कांदे टांगायला त्यांची वेणी घालायलाही पाती धड नव्हती. पुढच्या वर्षी असंच झालं तर जमीन विकून मला हार्टफर्डला तुझ्या काका-काकूंकडे जावं लागेल. तुझ्या प्रूडन्स काकूने खोली तयारच ठेवली आहे. तिच्या स्वयंपाकघराच्या मागे आहे, खिडकी नाही. "केझायाबाई, तुम्हाला कशाला हवा उजेड, तुम्ही आता विश्रांती घ्यायची," असं म्हणाली. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तू माझ्या नावाची पाटी काढून टाक आणि घरी ये.

आत्या

ता. क. बेट केवढं आहे? सहज विचारते.


केझाया बेट
९ डिसेंबर १८५७

प्रिय आत्या,

बेट एवढं आहे, की जेवण वाढून ठेवावं, एक चक्कर मारून यावं, तर सूप अजून गरम असतं. पण तुझ्या वाफ्यांच्या तुलनेत साम्राज्यच.

या बोटीने दोन पिंपं खत पाठवतो आहे. तुला न विचारता पाठवतो आहे, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मग पाठवता आलं नसतं. मुळांशी थेट घालू नकोस, जळतील. मातीत चांगलं मिसळ, मूठभर वाफ्याला पुरे. हार्टफर्डच्या खोलीचा निर्णय एक हंगाम पुढे ढकल, एवढंच मागणं आहे.

इथे मोठा प्रसंग घडला. गेल्या महिन्यात एक इंग्रज जहाज आलं. त्यांचा कप्तान उतरला आणि म्हणाला, हे बेट आमच्या राणीचं आहे, आमच्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी लांबून पाहिलं होतं. मी म्हटलं, आम्ही जवळून पाहिलंय, वासही घेतलाय. तो म्हणाला, मला झेंडा लावायचा हुकूम आहे. मी म्हटलं, मला झेंडा न काढायचा हुकूम आहे. मग दोघांनाही भूक लागली होती म्हणून आम्ही जेवायला बसलो. त्याच्याकडे लोणी होतं! संध्याकाळपर्यंत दोन्ही झेंडे शेजारी फडफडत होते, आणि पाखरं दोन्हींशी सारख्याच न्यायाने वागत होती. सकाळी तो आपला झेंडा घेऊन निघून गेला.

कमाका हे सगळं बघत होता. मला म्हणाला, "आमच्याही देशाला राजा आहे. त्याने झेंडा पाठवला तर कुठे लावायचा?" आम्ही सगळे हसलो. तो नाही हसला.

ऑक्टोबरात सुट्टी घेऊन होनोलुलूला गेलो होतो. कमाकाच्या घरीच राहिलो, जेवण उत्तम. त्याची बहीण मिशनच्या शाळेत शिकवते. तिच्या मते मी प्रार्थनेत डुलक्या घेतो आणि आपल्या देशाचा इतिहास मला धड येत नाही. दोन्ही खरं आहे. तुला आठवतं, तू चर्चच्या मिशनपेटीत दर महिन्याला त्या बेटांसाठी पैसे टाकायचीस? मला वाटतं, तुझ्या पैशांतूनच ती इतकी कडक झाली आहे.

तुझा,
आसाहेल


वेदर्सफील्ड
१४ सप्टेंबर १८५८

प्रिय आसा,

बस. हातातलं काम खाली ठेव.

कांदे माझ्या मुठीत मावत नाहीत! दोन मुठी लागतात. पाती अशी लांब आणि हिरवीगार, की वेण्या घालताना बायका गाणी म्हणत होत्या. पडवीत टांगायला जागा उरली नाही, तेव्हा जिन्याच्या कठड्यावर टांगल्या. माझ्याच घरात मला वाकून चालावं लागतंय आणि त्याचा मला काही त्रास होत नाही.

पिंपं मेच्या पहिल्या आठवड्यात आली. उघडली तेव्हा डीकन हर्लबट रस्त्यावरूनच नाक धरून ओरडला, "केझाया, कोण मेलं?" आता तोच टोपी काढून दारात उभा असतो. "कुठून आणलंस हे?" मी म्हटलं, "माझ्या बेटावरून येतं." त्याचा चेहरा बघायला तू हवा होतास. त्यालाही एक बादली दिली. म्हणजे विकली. त्याचं ओढ्याकाठचं शेत तो नुसतं पडीक ठेवतो, ते मी कसायला घेतलं आहे. कुंपण दोघांच्या मध्ये होतं, ते आता अडचणीचं झालं होतं, म्हणून काढलं.

प्रूडन्सला कळवलं, खोलीत बटाटे ठेव.

आता मुद्द्याचं. त्या इंग्रजाला जेवायला कशाला बसवलंस? राणीला स्वतःची बेटं कमी आहेत का? मी आपल्या काँग्रेसच्या प्रतिनिधीला कडक पत्र लिहिलं आहे, की केझाया बेटावर एक लढाऊ जहाज ठेवावं. उत्तर आलेलं नाही, पुन्हा लिहीन. तू एक इंच मागे हटू नकोस. आणि त्या बाजूला अजून एखादं बेट मोकळं आहे का? लहान असलं तरी चालेल. दुसऱ्या कुणी घेण्यापेक्षा आपण घेतलेलं बरं. माझ्या वडिलांनी वाचून दाखवलं ते सगळं ठीक होतं, पण त्यांच्या वेळी जमीन ताजी होती.

त्या म्हाताऱ्या मास्तरणीबाईंना माझा नमस्कार सांग. तुझ्यावर कुणीतरी कडक नजर ठेवतंय हे वाचून बरं वाटलं. त्यांच्यासाठी एक लोकरी शाल पाठवते आहे. या वयात सांधे दुखतात.

तुझी आत्या


होनोलुलू
२१ जानेवारी १८५९

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा कमाकाला वाचून दाखवलं. कांद्यांच्या वेण्यांवर तो खूष झाला. लढाऊ जहाजाच्या वाक्याला तो उठून बाहेर गेला.

दोन बातम्या आहेत. पहिली तुला आवडणार नाही, दुसरीचं मला माहीत नाही.

पहिली: बेटावरचं खत संपलं. खाली खडक लागला आहे. मार्चमध्ये शेवटची बोट भरली की आम्ही झेंडा उतरवून निघणार. तू विचारशील, मग बेटाचं काय? मीही विचारलं. कप्तानाने कायद्याचं शेवटचं कलम दाखवलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, खत काढून झाल्यावर बेट ठेवायचं बंधन सरकारवर नाही. म्हणजे तुझं बेट दोन वर्षं देशाचं होतं, आता कुणाचंच नाही.

दुसरी: मास्तरणीबाई म्हाताऱ्या नाहीत. मी तसं कधी लिहिलं नव्हतं. तू ठरवलंस आणि मी दुरुस्त केलं नाही, एवढाच माझा गुन्हा. तिचं नाव लिलिनोए. नोव्हेंबरात आमचं लग्न झालं. लावणारे पाद्री आपल्या कनेक्टिकटचेच, लिचफील्डजवळचे. व्यापार सगळ्यांशी आणि सोयरीक कुणाशी नाही, हे मला पाठ होतं, आत्या. सोयरीक झाली. आणि मी इतका सुखात आहे, की मला लिहिताना हसू येतंय.

आम्हाला घरी यायचं आहे. दोघांना. बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस, ते घर माझं आहे असं मी समजत आलो. पण ते तुझं आहे. तू नको म्हणालीस तर मी इथल्या बंदरावर नोकरी बघेन, आणि तुझ्यावर राग धरणार नाही. फक्त स्पष्ट लिही.

तुझा,
आसाहेल


वेदर्सफील्ड
३० मे १८५९

आसाहेल,

बेट सोडायचं म्हणजे काय? लागलं तोवर आपलं म्हटलं आणि रिकामं झाल्यावर ओळख नाही? असला कायदा कुणी केला? मी प्रतिनिधीला तिसरं पत्र लिहिलं आहे.

तू ये. तुझी खोली आहे तशीच आहे.

दुसऱ्या गोष्टीबद्दल स्पष्ट लिही म्हणालास, म्हणून लिहिते. ती मुलगी चांगली असेल. पण इथे तिच्याशी कोण बोलणार, कोण जेवायला बोलावणार? गाव लहान आहे. थंडी फार. तिचं तिच्या माणसांतच बरं. तिच्या पोटापाण्याची व्यवस्था करून तू एकटा आलास तर कुणी तुला नावं ठेवणार नाही.

आत्या


होनोलुलू
६ सप्टेंबर १८५९

मानाच्या केझायाबाईंना,

आसाहेलने तुमचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धं पान त्याने गाळलं. तो झोपल्यावर मी ते स्वतः वाचलं. मी शाळेत वाचायलाच शिकवते, त्यामुळे हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

शालीबद्दल आभार. माझे सांधे दुखत नाहीत, पण आमच्या डोंगरावर पहाटे गारवा असतो. ती मी वापरते.

मी विनवणी करायला लिहीत नाही. आम्हाला इथे घर आहे, माझे भाऊ आहेत, आणि शेजारी आसाहेलला आवडतात. त्याच्या उकडलेल्या डुकराच्या मांसावर ते हसतात, तो अळकुड्या कुटून केलेल्या आमच्या पोईवर हसतो, असं चाललं आहे. तो आनंदात आहे. फक्त बाजारातला कांदा चिरला की तो फोड उचलून हुंगतो. "हा काही कांदा नव्हे," एवढंच म्हणतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. म्हणून मला तिकडे यायचं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण त्याला सांगायचा धीर होत नाही. त्या बेटाला आधीच नाव होतं. माझे आजोबा होडी घेऊन लांब जाणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या गाण्यात ते बेट येतं. 'पाखरं जिथे परततात' असा त्या नावाचा अर्थ. कमाकाने झेंडा लावतानाच ओळखलं होतं. मी विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही."

तुमचं नाव पुसलं गेलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, असं आसाहेल म्हणतो. मला ते समजतं.

मी त्याला अडवणार नाही. पण खत संपल्यावर सोडून द्यावी, अशी मी जागा नाही. तो आला तर मी त्याच्याबरोबर येईन, आणि मी यायची नसेन तर तो येणार नाही. हे त्याने ठरवलेलं नाही, आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

आदरपूर्वक,
लिलिनोए गुडरिच


वेदर्सफील्ड
११ डिसेंबर १८५९

प्रिय लिलिनोए,

आसाला सांग, हे पत्र त्याला नाही. वाचायचं असेल तर तुझ्याकडून मागून घेऊ दे, आणि तू अर्धं पान गाळ.

तुझं पत्र मी एप्रनच्या खिशात घालून आठवडाभर हिंडले. मग थँक्सगिव्हिंगच्या सणाला डीकन हर्लबटकडे जेवायला गेले. भाजलेली टर्की झाली, भोपळ्याची गोड पाई आली, आणि कुणीतरी माझ्या बेटाचं काढलं. मी म्हटलं, सरकारने सोडून दिलं, मला फार लागलं. डीकन हसायला लागला.

"अगं केझाया, त्यात लागायचं काय? खत काढलं, बेट सोडलं. शहाणा देश असाच चालतो. आणि तुझा आसाहेलही शहाणा असेल तर तेच करील. बायको तिथली आहे, तिथेच राहील. तूच नाही का सांगितलंस, त्याला तसं लिहिलंय म्हणून?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द माझेच होते, पोरी. फक्त दुसऱ्याच्या तोंडून आले, तोंडाच्या कडेला भोपळा लागलेल्या माणसाच्या, आणि ते मला सहन झाले नाहीत. मी चमचा खाली ठेवला.

मी म्हटलं, "डीकन, यंदा तुमचे कांदे कशावर पोसले?"

"तुझ्या त्या खतावर. का?"

"ते कुणी खणलं? आसाने? त्याने झेंडा राखला. खणलं त्या मुलीच्या भावाने. या टेबलावर बसलेला प्रत्येक जण त्याचं खाऊन बसलाय, आणि त्याच्या बहिणीला दार उघडायला नको म्हणतोय. याला शहाणपण म्हणत असाल तर म्हणा. आमच्या घरात याला फुकटेपणा म्हणतात."

हर्लबटबाई म्हणाल्या, "केझायाबाई, पाई तरी संपवा." मी नाही संपवली. चांगली झाली होती, अजून आठवण येते.

तेव्हा आता ऐक. तुम्ही दोघं या. जूनपर्यंत पोचा, म्हणजे कांदे उपटायला जुलैत हात मिळतील. वेण्या घालायला मी शिकवीन, आणि तू मला त्या बेटाचं खरं नाव म्हणायला शिकव. माझ्या नावाची पाटी कुणी पुन्हा लावत असेल तर लावू देऊ नकोस. कमाकाला सांग, विचारायचं राहून गेलं हे खरं, आता केझाया विचारते आहे. लोकरीचे मोजे भरपूर आण, नसतील तर इथे विणू. लोक तुझ्याकडे टक लावून बघतील. आपणही बघायचं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे इथे आल्यावर धक्का बसायला नको. आमच्या चर्चमध्ये घराघराचे बाक ठरलेले आहेत. आमचा पुढून तिसरा. पण गोरे नसलेल्यांना इथे वर सज्जात बसवतात. अरुंद जिना आहे, अंधारा. डीकन काल मुद्दाम घरी येऊन सांगून गेला, की नियमाप्रमाणे तुझी जागा वर. मी म्हटलं, बरं, मग माझीही वर.

माझे गुडघे गेले आहेत. त्या जिन्यावर मला प्रत्येक पायरीला थांबावं लागेल, तू हात धरशील, आसा मागून ढकलेल. आणि शेवटचं माणूस बसल्याशिवाय पाद्रीबाबा प्रार्थना सुरू करत नाहीत, ही जुनी रीत आहे. सगळं गाव टोप्या मांडीवर घेऊन ताटकळत बसेल. एक रविवार बसेल, दोन रविवार बसेल. मग डीकनच उठून म्हणेल, बायांनो, खालीच बसा, माझं जेवण निवतंय.

तोवर आपण दोघी वरून गावाची टकलं बघत बसू.

तुझी आत्या,
केझाया